तितीनामावशीचा चिमटा

इर्मा दि इयोरियोला सरकार पगार द्यायचं ते मासे सडवण्यासाठी. बाकीचं जग मासळी नासू नये म्हणून बर्फामागे धावतं. ही बाई ती नीट, शिस्तीत, ठरल्या दिवशी नासावी म्हणून थर्मामीटर घेऊन बसायची. सोमवारी शंभर मासे बर्फात ठेवायचे. मग रोज सकाळी पाच काढायचे, हुंगायचे, बोटानं दाबायचे, डोळे बघायचे, कल्ले उलटायचे, वाटून रस काढायचा आणि आकडे लिहायचे. पंधरवडा उलटला की वरच्या मजल्यावरचे कारकून खिडक्या उघडून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. छत्तीस वर्षं तिनं हे केलं. मार देल प्लाताच्या बंदरात 'सडकी डॉक्टरीण' म्हटलं की टॅक्सीवाला पत्ता न विचारता थेट तिच्या दारात सोडायचा.

"तीस वर्षं लिंबानं हात घासले मी," तिची आई कोन्चेत्ता शेजारणींना सांगायची. "पोरीच्या अंगाला हा वास लागू नये म्हणून उपाशी राहून शिकवली. आणि कार्टीनं शोधून शोधून नोकरी काय शोधली, तर वासाचीच."

सांगायची मात्र अभिमानानं. बंदरातल्या मासळी खारवणाऱ्या बाईची मुलगी पांढरा कोट घालून सरकारी संस्थेत जाते, हे त्या गल्लीत पहिल्यांदाच घडलं होतं.

बर्फातले मासे ही रोजची हमाली. इर्माचं खरं काम होतं आंचोइतावर. बोटभर लांबीची चंदेरी मासळी, मांदेलीच्या कुळातली. आमच्याकडे वसंत सप्टेंबर-ऑक्टोबरात; तेव्हा पिवळ्या होड्या ती भरभरून आणतात. ती ताजी खाणारे थोडे. ती जायची खारवणघरात. आधी मिठाच्या पाण्यात, मग मुंडकी काढून पिंपात, एक थर मासळी, एक थर मीठ, वर दगडाचं दडपण. मग आठ-दहा महिने तिला विसरून जायचं. पिंपात ती मुरते, लोणच्यासारखी. पांढरं मांस गुलाबी होतं, अंगठ्यानं दाबलं की काट्यापासून अलगद सुटतं, आणि मीठ लावून मुरवलेल्या डुकराच्या मांडीसारखा वास येतो. मग ती पिंपं जहाजानं युरोपात. तिथले लोक ती तेलातून काढून पावावर ठेवतात आणि डोळे मिटतात.

मुंडकं काढायचं ते चिमट्यानं. लोखंडाच्या नव्हे, बोटांच्या. अंगठा कल्ल्याखाली घालायचा, तर्जनी वरून, आणि पिरगाळून ओढायचं. मुंडक्यासोबत आतडी बाहेर येतात. सगळी येत नाहीत. थोडी तुटून आत राहतात. ती काढायला दुसऱ्यांदा बोट घालावं लागतं, आणि पिंपावर मजुरी मिळणाऱ्या बाईला दुसऱ्यांदा बोट घालायला वेळ नसतो. ऑरेस्तेशेठच्या खारवणघरात रेस्तितुता मात्तेरा, म्हणजे आमची तितीना, सगळ्यांत जलद. दुसरीचं एक पिंप भरेतो तितीनाची दोन. आणि तितीनाच्या माशात आतडीही सगळ्यांत जास्त राहायची. देखरेखीची बाई ओरडायची, "तितीना, परत घाण आत!" तितीना म्हणायची, "राहू दे. साहेबलोकांना कळू दे, माशाला पोट असतं." सगळ्या हसायच्या. पण मनातून प्रत्येकीला ठाऊक होतं की ही चोरीच आहे. काम अर्धवट सोडण्याची चोरी. घाईची चोरी. या गोष्टीत पुढे जे झालं, ते त्यांच्या मनातल्या या चोरीमुळेच झालं.

तितीना ही कोन्चेत्ताची जिवाभावाची. एकाच बेटावरून एकाच बोटीतून आलेल्या, एकाच टेबलाला तीस वर्षं समोरासमोर बसलेल्या. इर्माच्या बाप्तिस्म्याला तिला हातात धरणारी धर्ममाता तितीनाच. इर्मा तिला मावशी म्हणायची.

१९७९ च्या सप्टेंबरात ऑरेस्तेशेठ टोपी हातात घेऊन संस्थेत आला. युरोपातल्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं होतं. आदल्या वर्षीच्या मालातल्या सोळा पिंपांतली मासळी खाऊन माणसं आजारी पडली. चेहरे लालभडक, छातीत धडधड, घसा आवळलेला. इर्मानं पत्र वाचलं आणि तिला ताबडतोब कळलं. हिस्टामिन. मासा उबेत पडून राहिला की जंतू ते तयार करतात. त्याला वास नसतो, रंग नसतो. मिठानं जात नाही, शिजवून जात नाही. नाकानं कळत नाही, यंत्रानं कळतं. आणि ते यंत्र अख्ख्या बंदरात फक्त इर्माला वापरता यायचं. वय एकोणतीस. नोकरीत रुजू होऊन दीड वर्ष. ही तिची पहिली मोठी केस.

ती खारवणघरात गेली, पांढरा कोट घालून. बायका उठून उभ्या राहिल्या. तिची आईसुद्धा उभी राहिली. त्या वेळी इर्माला ते विचित्र वाटलं नाही, हे तिला पुढे जन्मभर टोचलं.

प्रत्येक पिंपावर भरणारणीच्या नंबराचा पत्र्याचा बिल्ला असायचा. गिऱ्हाइकानं परत पाठवलेल्या पिंपांत सगळ्यांत वाईट आकडे निघाले तितीनाच्या बिल्ल्याचे. इर्मानं मासे चिरले. आत आतडी. आतड्यांत जंतू. बायकांच्या हातांवरून कापूस फिरवला. हातांवरही तेच जंतू. मासळीत हात घालणाऱ्या बाईच्या हातावर मासळीतले जंतू नसतील तर काय अत्तर असेल? पण ते विचारणारं तिथे कोणी नव्हतं. आपल्याला उत्तर सापडलं या आनंदात माणूस प्रश्न विचारायचं विसरतं.

एक प्रश्न तिनं विचारला, नाही असं नाही. "शेठ, हा माल उतरल्यावर मिठात कधी गेला?"

"त्याच दिवशी, बाईसाहेब. ही वही बघा."

वहीत तसंच लिहिलं होतं. इर्मानं ते उतरवून घेतलं. कामगारणींचे हात तिनं तपासले. मालकाचं घड्याळ नाही तपासलं.

चार पानी अहवाल झाला. कारण: अपूर्ण आतडीकाढणी आणि हातांची अस्वच्छता. उपाय: सुरीनं पोट फाडून मासा आतून पूर्ण साफ करावा, हातमोजे वापरावेत, काम पुन्हा शिकवावं. 'काढून टाकावं' असं तिनं कुठेही लिहिलं नव्हतं. ते लिहिण्याची गरजही नव्हती. लष्कराचं राज्य होतं, युनियनच्या खुर्चीवर सरकारनं बसवलेला कर्नल. मालकाला फक्त एक सरकारी शिक्का हवा होता, तो आमच्याच गल्लीतल्या पोरीनं आणून दिला. ऑरेस्तेशेठनं अहवालातल्या त्या दोन ओळी लाल शाईनं अधोरेखित करून भिंतीवर लावल्या आणि शेजारच्या फळ्यावर खडूनं अकरा नावं लिहिली. पहिलं नाव तितीनाचं. कोन्चेत्ताचं नव्हतं. "डॉक्टरीणबाईंच्या मातोश्रींना कोण हात लावणार?" असं शेठ हसून म्हणाला म्हणे.

चोर सोडून संन्याशाला सुळी देतात ते असं.

त्या संध्याकाळी तितीना इर्माच्या दारात आली. आत येईना. उंबऱ्यावर उभी राहून तिनं दोन्ही हात पुढे केले, पोलिसाला दाखवावेत तसे.

"खरं सांग पोरी. ती माणसं माझ्यामुळे आजारी पडली?"

इर्मानं काय म्हणावं? तिनं स्वच्छ हो म्हटलं असतं तरी परवडलं असतं. मग मावशीला भांडता तरी आलं असतं, रडता आलं असतं. ती म्हणाली, "मावशी, अहवालात कुणाचंच नाव नाहीये."

तितीनानं मान हलवली, जणू उत्तर मिळालं. मिळालंच होतं.

त्यानंतर ती बाई कुणासाठी रांधेना. बंदराचा पाठीराखा सान साल्वादोर, त्याच्या सणाला गल्लीतली प्रत्येक बाई एकेक ताट न्यायची. तितीनाचं बंद झालं. नातीच्या पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या, जेवणाला ती अंगणात खुर्चीवर बसून राहिली, स्वैपाकघरात पाऊल टाकलं नाही. गल्लीतल्या टवाळ पोरांनी त्या अकराजणींना नावंच पाडलं, 'घाणहाती'. कोन्चेत्तानं मुलीला एका शब्दानं बोल लावला नाही. मोसम संपेपर्यंत ती खारवणघरात सुऱ्या घेतलेल्या नव्या मुलींमध्ये बसली आणि मग घरी बसली. रविवारच्या जेवणाच्या टेबलाजवळची तितीनाची खुर्ची तिनं उचलून भिंतीला लावली. तिच्यावर मग घड्या घातलेले कपडे साठत गेले.

पुढच्या वर्षी साफ पोटाची, सुरीनं फाडलेली, मोजे घातलेल्या हातांनी रचलेली पिंपं दहा महिन्यांनी उघडली. मासळी पांढरीफटक, टणक, नुसती खारट. मुरलीच नव्हती. जोड्याचा तळ चावावा तशी. "मीठ बदला," इर्मा म्हणाली. मीठ बदललं. "उबेत ठेवा." ठेवली. तिसऱ्या वर्षीही तेच. ऑरेस्तेशेठनं खारवणघर विकलं आणि गोठवलेल्या माकुळाच्या धंद्यात पैसा घातला; तिथे तो गब्बर झाला. असली माणसं बुडत नाहीत, बुडवतात.

'आंचोइता का मुरत नाही' हा इर्माचा जन्माचा विषय झाला. लोक तिला चिकाटीची म्हणायचे. खरं तर भुंगा लागला होता डोक्याला. कोन्चेत्ता १९८६ मध्ये गेली. अंत्यविधीला तितीना आली, मागच्या बाकावर बसली, आणि गर्दी हलायच्या आत निघून गेली.

उत्तर सापडलं १९९१ मध्ये. इर्मानं तीन पिंपं भरवली. एकात अख्खी मासळी, एकात सुरीनं पूर्ण साफ केलेली, आणि एकात बोटाच्या चिमट्यानं मुंडकं काढलेली, आत अर्धीमुर्धी आतडी राहिलेली. तिन्हींची मासळी होडीतून उतरल्यावर तीन तासांत मिठात. आठव्या महिन्यात तिनं झाकणं उघडली. पहिलं पिंप लगदा झालं होतं. दुसरं, तेच ते जोड्याचे तळ. तिसऱ्यातला मासा तिनं उचलला तर तो तिच्या बोटांत गुलाबी होऊन सुटला, आणि खोलीभर तो वास पसरला जो आईच्या झग्याला यायचा. यंत्र लावलं. हिस्टामिन जवळजवळ शून्य.

म्हणजे आतड्यांतला पाचक रसच मासळीला मुरवत होता. 'घाण' नव्हतीच ती. ते विरजण होतं. जास्त राहिलं तर लगदा, काहीच नाही राहिलं तर लाकूड; आणि घाईत ओढलेल्या चिमट्यातून जेवढं चुकून राहायचं, ते बरोबर मापाचं होतं. बायकांना हे माहीत नव्हतं. त्यांनी ते ज्ञान म्हणून केलं नव्हतं, आळस म्हणून केलं होतं, आणि आळस समजूनच शरमेनं मान खाली घातली होती.

मग हिस्टामिन आलं कुठून? इर्मा गार खोलीत उलट्या पेटीवर बसली आणि तिला १९७८ चा ऑक्टोबर आठवला. आईचा दिवस, ऑक्टोबरातला तिसरा रविवार. उत्तरेचा गरम वारा सुटलेला. आई रावियोली वाढता वाढता म्हणाली होती, "ऑरेस्तेला आज देव आठवला बघ. काल दुपारपासून अंगणात पेट्यांची थप्पी लागलीय, पण म्हणाला, जा बायांनो, आईचा दिवस करा, सोमवारी बघू." समोर तितीना होती. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, वर्षातून चार आईचे दिवस ठेव." सगळे हसले. इर्माही हसली, आणि तिनं आणखी सॉस मागितला.

दोन दिवस उन्हात. मग सोमवारी घाईघाईनं मिठात, आणि सगळ्यांत शेवटच्या, सगळ्यांत जास्त तापलेल्या पेट्या दिल्या कुणाला, तर जी जलद तिला. म्हणून तितीनाच्या बिल्ल्यावर सगळ्यांत वाईट आकडे. वहीत शेठनं लिहिलं, त्याच दिवशी. आणि जिला खरं माहीत होतं, जिनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, रावियोली खाता खाता, तिनंच ती वही खरी मानली. कारण वही कागदाची होती, आणि आईचं बोलणं आईचं होतं.

त्याच संध्याकाळी तितीनाकडे जायचं तिनं ठरवलं. सहा गल्ल्यांचं अंतर. कोट चढवला, कुलूप लावलं, आणि कोपऱ्यावरून परत आली. आधी आकडे पुन्हा तपासू, म्हणाली. तपासले. मग संचालकांना सांगू, म्हणाली.

संचालक हसले. "कुठला अहवाल? एकोणऐंशीचा? इर्मा, तो आता कोण वाचतंय? हा नवा शोध बघ. हा तुला जगभर नेईल. मढी कशाला उकरतेस?"

नेलं खरंच. लेख इंग्रजीत छापून आला. त्यात त्या चिमट्याला 'नियंत्रित अंशतः आतडीकाढणी' असं भारदस्त नाव होतं. परदेशातल्या सभागृहात टाळ्या पडल्या. आभारात प्रयोगशाळेतल्या मदतनिसाचं, यंत्र दुरुस्त करणाऱ्याचं आणि संचालकांचं नाव होतं. जुन्या अहवालाबद्दल एक ओळ नव्हती. तितीना इंग्रजी वाचत नव्हती. वाचत असती तरी तो चिमटा तिचाच आहे हे तिला त्या नावावरून ओळखू आलं नसतं.

रविवार येत गेले. पुढचा रविवार, नाताळ झाल्यावर, मोसम संपल्यावर. दुष्टपणानं उशीर करणाऱ्याला कधी ना कधी कंटाळा येतो. शरमेनं उशीर करणाऱ्याला रोज नवं कारण मिळतं, कारण रोज शरम एक दिवसानं वाढते. बेकरीत जाताना इर्मा पलीकडच्या फुटपाथनं जायला लागली. पुढे तिनं बेकरीच बदलली.

२०१४ मध्ये ती निवृत्त झाली. निरोपाला कोणीतरी गंमत म्हणून तिच्याच पद्धतीनं मुरवलेली आंचोइता पावावर लावून आणली. लोक चाखून डोळे मिटायला लागले. इर्मानं एक तुकडा हातात धरला आणि तसाच ताटलीत ठेवला. घरी जाऊन तिनं दोन पानं लिहिली, साध्या भाषेत, तारखेसह, खाली सही. एकोणऐंशीचा अहवाल चूक होता. दोष मालाच्या उशिराचा होता, कामगार स्त्रियांचा नव्हता. त्यांची पद्धतच योग्य होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सहा गल्ल्या चालली. दार तितीनाच्या मुलीनं, ग्रासिएलानं उघडलं. ती नुसती बाजूला झाली. तितीना चुलीजवळ खुर्चीत होती. वय एक्क्याण्णव, अंगानं मूठभर, दोन्ही हात मांडीवरच्या शालीखाली.

"कोण गं?"

"इर्मा, आई. कोन्चेत्ताची," ग्रासिएला म्हणाली.

"सडकी डॉक्टरीण? मेली नाही अजून?"

"नाही मावशी."

"मग बस. ग्रासिएला, तिला माते दे. गार नको, नाहीतर तपासायला नेईल."

इर्मानं त्या कडू पाल्याच्या चहाची नळी तोंडाला लावली. मग तिनं दोन्ही पानं वाचून दाखवली. तितीनानं मध्येच बोट वर केलं.

"थांब. ते आत राहायचं ते चांगलं होतं?"

"हो. त्याच्यानंच मासळी मुरायची."

"मी काही ते मुद्दाम ठेवत नव्हते हां. घाई असायची. लघवीला जायला वेळ नसायचा, तिथे आतडी कोण काढत बसतो."

"माहीत आहे, मावशी. तरी तेच बरोबर होतं."

"आणि ती माणसं? लाल पडलेली?"

"पेट्या दोन दिवस उन्हात होत्या. आईच्या दिवसाला. शेठनं वही खोटी लिहिली. मी वही बघितली, कुणाला विचारलं नाही."

"मला विचारायचंस," तितीना म्हणाली. "मी तिथेच उभी होते. तूच उभं केलं होतंस."

ग्रासिएलानं किटली खाली ठेवली.

"एक सांगा डॉक्टरीणबाई. हे तुम्हाला कळलं कधी?"

खोटं बोलणं सोपं होतं. गेल्या महिन्यात, म्हटलं असतं तर कोण तपासणार होतं?

"एक्क्याण्णव साली."

"तेवीस वर्षं," ग्रासिएला म्हणाली. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सहा गल्ल्या यायला तेवीस वर्षं. गोगलगाय लवकर आली असती. ही बाई माझ्या लेकरांना चमच्यानं भरवायची, माहीत आहे तुम्हाला? बोटानं पावाचा तुकडा कधी दिला नाही. पोरं विचारायची, आजीला आमची किळस येते का?"

"गप गं," तितीना म्हणाली. मग इर्माकडे वळून, "तुझी आई गेली तेव्हा तुला माहीत होतं?"

"नाही. तेव्हा नव्हतं."

"बरं. तेवढं एक बरं." तितीनानं चुलीकडे बघितलं. "आमच्या अकरांतली असुंता गेली ती मात्र तुला हे कळल्यावर, ना? पंच्याण्णवला गेली ती. मला म्हणाली, तितीना, आपण खरंच कुणाला मारलं नसेल ना गं? मी म्हटलं, नाही गं, नुसते लाल पडले. दोघी हसलो. काय हसलो."

इर्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. तितीनानं ते बघितलं आणि तिला त्याचा राग आला.

"रडू नकोस इथे. चूल विझेल. त्या कागदात नावं वाच."

"नावं... नावं नाहीत मावशी. 'कामगार स्त्रिया' असं लिहिलंय."

"हाकललं तेव्हा नावं होती. खडूनं, फळ्यावर, ही एवढी मोठी. अकरा. आता निर्दोष झालो तर नावं गेली?"

इर्मानं पेन काढलं. पहिलं लिहिलं, रेस्तितुता मात्तेरा. मग असुंता, मग आणखी दोघी. तिथे तिचं पेन थांबलं. ज्या बायकांच्या हातांवरून तिनं कापूस फिरवला होता त्यांतल्या चौघींचीच नावं तिला ठाऊक होती. बाकीच्या तिच्या वहीत नंबर होत्या. तितीना सांगायला लागली. धाकटी रोसालिया. तिरळी ओर्तेन्सिया, तिचं आडनाव ग्रासिएलाला आठवलं. इदा, जी गात असायची आणि बेसूर गायची. दोघी बहिणी, एकमेकींशी न बोलणाऱ्या, आणि त्या दोघींच्या मध्ये बसणारी. एकेक करत दहा झाल्या.

"अकरावी?"

तितीनानं डोळे मिटले. "दाराजवळ बसायची. खोकायची. निळा रुमाल. कुणाची तरी सून होती ती, उत्तरेकडून आलेली, आमच्यातली नव्हे." हात शालीखालून बाहेर आले आणि हवेत चिमटा घेत राहिले, जणू नाव तिथेच कुठे कल्ल्याखाली अडकलंय. "नाही येत. बघ, मलासुद्धा नाही येत. तिच्याशी कधी धड बोललोच नाही आम्ही."

ग्रासिएलानं कागद हातात घेऊन बघितला आणि परत दिला. "अर्धवट आहे हा. आम्हाला नको."

"जा," तितीना म्हणाली. "शोध. पगार त्याचाच खाल्लास ना जन्मभर? माझं नाव आहे म्हणून कागद माझ्या भिंतीवर लावू नकोस. अकरा झाल्या की चॅपेलच्या दारावर लाव."

माफ केलं, असं ती म्हणाली नाही. नाही केलं, असंही नाही. माते संपल्यावर तिनं झोप आल्याचं सोंग घेतलं.

त्या हिवाळाभर इर्मा बंदरातल्या गल्ल्या पालथ्या घालत होती. निळा रुमाल, खोकला, उत्तरेकडची सून. कुणी दार लावून घेतलं. कुणी म्हणालं, तेव्हा विचारायचं होतं बाई, आता मेलेल्यांना काय विचारता. ऑरेस्तेशेठच्या वारसांनी सांगितलं की जुने कागद केव्हाच रद्दीत गेले. बैल गेल्यावर गोठा बांधायला निघालेल्या बाईची काय गत होते ती तिची झाली. आणि ती होऊ द्यायची, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं असावं, कारण तिनं एकदाही उलट उत्तर केलं नाही.

ऑगस्टमध्ये ती जाळी दुरुस्त करणाऱ्या एका चाळिशीतल्या माणसाच्या दारात पोचली. त्याची आई ऑरेस्तेकडे कामाला होती असं कळलं होतं.

"होती," तो म्हणाला. हात जाळ्यातून काढला नाही. "पण तुमच्या अकरांतली नव्हे. ती नंतर आली. सुरीवाल्यांतली."

"अच्छा," इर्मा म्हणाली आणि निघायला वळली.

"कुठे निघालात? तिचं नाही लिहीत?"

"तिला नव्हतं ना काढलं."

"काढलं. तीन मोसमांनी. पिंपं मुरली नाहीत म्हणून. शेठ म्हणाला, या पोरींनी मिठात चोरी केली, घरी नेलं. नऊजणींना काढलं, झडती घेऊन. माझ्या आईची झडती घेतली दारात, सगळ्यांसमोर. मी तिचा हात धरून उभा होतो." त्यानं दातानं दोरा तोडला. "तिनं तर तुमच्या कागदात लिहिलं होतं तसंच केलं होतं, बाई. सुरीनं. मोजे घालून."

इर्मानं हे कधी ऐकलंच नव्हतं. पिंपं का मुरली नाहीत याचा तिनं दहा वर्षं अभ्यास केला. ती न मुरल्याचा जाब कुणाला विचारला गेला, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती त्याच्या पायरीवर बसली. पर्समधून कागद काढला. दहा नावं, खाली एक रिकामी ओळ. तिनं कागद उलटा केला, गुडघ्यावर सपाट केला.

"नाव सांगा," ती म्हणाली. "आडनावासकट. सावकाश सांगा."